तळटीप : अतिदक्षता विभागातील रक्तशर्करा

लेखकाने हा परिच्छेद लिहिला तेव्हा बेल्जियममधल्या ल्यूवेन येथील 2001 सालच्या चाचणीचा मोठा प्रभाव होता. शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात आलेल्या 1,548 रुग्णांचे दोन गट केले होते. ज्या गटाची साखर इन्शुलिनने दर डेसिलिटरला 80 ते 110 मिलिग्रॅममध्ये राखली, त्यात विभागातले मृत्यू 4.6 टक्के झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटात 8 टक्के. जगभर ही पद्धत उचलली गेली. पण रुग्णालय एकच होते, बरेचसे रुग्ण हृदयशस्त्रक्रियेचे होते, कोणावर कोणता उपचार चालू आहे हे डॉक्टरांना ठाऊक होते आणि पहिल्याच दिवशी शिरेतून भरपूर ग्लुकोज दिले जात होते. शिवाय चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवली गेली. आकडे अनुकूल बाजूला झुकलेले असतानाच मोजणी बंद केली की फायदा फुगून दिसण्याचा धोका असतो, आणि माझ्या मते इथे सर्वांत जपून वाचायला हवे होते ते याच ठिकाणी.

याच पद्धतीची पडताळणी करणाऱ्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या ‘नाइस-शुगर’ चाचणीत अनेक रुग्णालयांतले सहा हजारांवर रुग्ण होते. नव्वद दिवसांत साखर काटेकोर राखलेल्या गटातले 27.5 टक्के रुग्ण दगावले, 180 पर्यंत साखर चालवून घेतलेल्या गटातले 24.9 टक्के, म्हणजे साधारण 38 रुग्णांमागे एक जादा मृत्यू. साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण 6.8 टक्के विरुद्ध 0.5 टक्के होते. लेखकाचा परिच्छेद जसाच्या तसा ठेवला आहे. त्यातली साखरेची मर्यादा मात्र कोणी आज रुग्णाला लावू नये.