शेतकऱ्यापासून जेलरपर्यंत

व्ही. शांताराम दिग्दर्शक म्हणून मोठे होते, याबद्दल वाद नाही. परंतु नट म्हणून बत्तीस वर्षांच्या अंतराने त्यांनी केलेल्या दोन भूमिका शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत.

१९०१ साली कोल्हापुरात जन्मलेले शांताराम हुबळीच्या रेल्वे कारखान्यात राबले आणि पुढे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटात ते तरुण शेतकरी झाले. सावकार जमीन गिळतो. शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. ज्याच्यावर अन्याय झाला, तोच त्या चित्रपटाच्या मध्यभागी होता.

१९२९ मध्ये ‘प्रभात’ उभी राहिली. १९३५ मध्ये शांतारामांनी तिथे ‘धर्मात्मा’ केला. मूळचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरने चालू दिले नाही. बालगंधर्व एकनाथ झाले. अस्पृश्यांना जवळ करणारा एकनाथ पडद्यावर आणायला त्या काळी धैर्य लागत होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे येवल्यात जाहीर केले. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची पाच वर्षे त्यामागे होती. येवल्याचा प्रश्न संताच्या करुणेचा नव्हता. माणसाच्या हक्काचा होता. पडद्यावरचा अस्पृश्य उद्धाराची वाट पाहत होता. येवल्यातला अस्पृश्य स्वतःचा निर्णय घेत होता.

१९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ आला. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून ग. दि. माडगूळकरांनी त्याची कथा लिहिली. सहा खुनी कैदी आणि त्यांना माणसात आणणारा जेलर. हा जेलर स्वतः शांताराम. १९५८ मध्ये बर्लिनला त्याचा गौरव झाला. पण शीर्षकच नीट वाचा. राबणारे हात बारा. डोळे मात्र दोनच, तेही जेलरचे!

शेतकऱ्याचा जेलर झाला तो असा. हा एका माणसाचा दोष नव्हे. सुधारणावादाची नजरच वरून खाली पाहते. शोषितांची दुःखे तिला दिसतात, त्यांचे डोळे दिसत नाहीत.

१९९० मध्ये शांताराम गेले. २०१३ मध्ये जेऊरच्या वडार कुटुंबातून आलेल्या नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ केला. तेही दिग्दर्शक आणि नट. त्यांनी स्वतःसाठी छोटी भूमिका ठेवली. मध्यभागी जब्या राहिला. शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. त्या क्षणी डोळेही त्याचे असतात आणि हातही त्याचेच.