न्हावा शेवा ते उलवे: नव्या इमारती कुणाच्या जमिनीवर उभ्या आहेत?

‘मुंबई फक्त २० मिनिटांवर’ असं म्हणणारं उलव्यातल्या फ्लॅटचं एखादं रील तुम्हीही पाहिलं असेल. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. खारकोपर ते उरण लोकलचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं. पुढे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचंही उद्घाटन झालं. त्यामुळे उलवे आणि द्रोणागिरी या सिडकोच्या दोन नोडमध्ये घर घ्यायला रांगा लागल्या. (पुलाचा टोल मात्र त्या रीलमध्ये क्वचितच दिसतो.)

पण या इमारतींखालची जमीन आधी कुणाची होती?

आधी एक गैरसमज दूर करू. न्हावा आणि शेवा ही दोन वेगळी गावं आहेत. न्हावा पनवेल तालुक्यात, तर शेवा उरण तालुक्यात. १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंदरामुळे ही दोन्ही नावं जोडूनच घेतली जाऊ लागली. त्याआधी इथे भातशेती, मिठागरं आणि खाडीतली मासेमारी होती. वस्ती मुख्यतः आगरी आणि कोळी समाजाची. बंदरासाठी शेवा गाव उठलं. तिथल्या कोळी कुटुंबांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवण्यात आलं, पण त्या घरांना वाळवी लागली. पुनर्वसन नीट व्हावं ही तिथली मागणी कित्येक वर्षं चालूच राहिली.

साडेबारा टक्के म्हणजे काय?

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादित करायचं ठरलं. मोबदला तुटपुंजा होता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात मोठं आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत.

हिशेब गुंठ्यात करून पाहा. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातूनही ३० टक्के जागा सार्वजनिक सुविधांसाठी कापली जाते. हातात उरतात साडेतीन गुंठे. म्हणजे नाव साडेबाराचं, हाती पडतात पावणेनऊ टक्के.

बहुतेक कुटुंबांकडे त्यावर इमारत उभी करायला भांडवल नव्हतं. मग सिडको, प्रकल्पग्रस्त आणि बिल्डर असा त्रिपक्षीय करार होतो आणि भूखंड बिल्डरकडे जातो. उलव्यातल्या कितीतरी इमारती अशाच भूखंडांवर आहेत. इथे घर घेताना ही कागदपत्रं वकिलाकडून तपासून घ्यावीत, ती याच कारणासाठी. ज्यांनी भूखंड राखला त्यांना चांगला पैसा मिळाला, हेही खरं. पण तो राखण्यासाठी वाट पाहण्याची ऐपत लागत होती. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना भूखंडांची इरादापत्रं २०१४ मध्ये मिळाली, बंदर सुरू झाल्यानंतर २५ वर्षांनी!

गावठाणांचं काय झालं?

शेती गेली, पण कुटुंबं वाढत राहिली. गावठाणाची हद्द त्या प्रमाणात वाढली नाही. लोकांनी आजूबाजूच्या संपादित जमिनीवर घरं बांधली. सरकारी भाषेत ती ‘गरजेपोटी बांधलेली घरं’. ती नियमित करण्याचे निर्णय अनेकदा झाले, २०२२ मध्येही झाला. अंमलबजावणी मात्र रखडत राहिली.

दुसरा प्रश्न पाण्याचा, तोही दुहेरी. हा भाग सखल आहे. नोड भराव टाकून उंच केले, जुनी गावं खालीच राहिली. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की पाणी साहजिकच गावात शिरतं. पूर्वी हे पाणी खाजण आणि कांदळवनं सामावून घेत. त्यांवर भराव पडला की ती जागा संपते. उन्हाळ्यात उलट स्थिती. उलवे आणि द्रोणागिरीला पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी येतं, उरण शहराला रानसईचं. इमारती वाढल्या की त्याच पाण्याचे वाटेकरी वाढतात.

मासेमारांचा वाद न्यायालयापर्यंत गेला. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यात बंदराचा वाटा ७० टक्के, ओएनजीसीचा २० आणि सिडकोचा १० टक्के होता. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

नव्या रहिवाशांची अडचण वेगळी. २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली, पण उलवे तिच्या हद्दीत आलं नाही. नोडमधले रस्ते, पाणी, गटारं सिडकोकडे आणि शेजारच्या गावात ग्रामपंचायत. खड्ड्याची तक्रार घेऊन जावं असा नगरसेवकच नाही.

आता पुढचा टप्पा ‘तिसरी मुंबई’. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांमध्ये सुमारे ३२३ चौरस किलोमीटरवर कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर वसवण्याची जबाबदारी २०२४ मध्ये एमएमआरडीएकडे दिली गेली. चिरनेर म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं गाव. तिथल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी या प्रस्तावावर हरकती नोंदवल्या आहेत.