आधी चित्र, मग नळी

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. चार वाजून गेले होते. कोयनानगरची जमीन हादरली आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. पावणेदोनशेच्या आसपास माणसे त्यात गेली.

भिंतीखाली सापडलेल्या माणसाच्या कमरेचे हाड मोडले, की आतली लघवीची वाट फाटण्याचे भय असते. त्यात पहाटेची वेळ, मूत्राशय भरलेले. भरलेली पखाल आपटली तर फुटते, रिकामी नुसती दबते. तसेच हे आहे.

ही जखम बाहेरून दिसत नाही, हीच मोठी अडचण. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय उघडले, तेव्हा क्ष-किरण जगालाच ठाऊक नव्हते. जर्मनीत रॉण्टगेन यांना ते सापडले ८ नोव्हेंबर १८९५ ला. तोवर शल्यवैद्यापाशी काय होते? हाताची बोटे आणि धातूची नळी. पण वाट अर्धी फाटलेली असली, तर आंधळेपणाने घातलेली नळी ती पुरतीच फाडते!

बरे, क्ष-किरणांत हाड दिसते, मूत्राशय दिसत नाही. मग करायचे काय? मळ्यातला पाट कुठे फुटला हे पाणी सोडल्यावर कळते ना, तीच युक्ती. किरणांना अडविणारे औषध हळूच आत सोडायचे आणि चित्र काढायचे. मूत्रमार्गाचे असे चित्र १९१० साली अमेरिकेत कनिंगहॅम यांनी काढले. औषध वाटेबाहेर पसरलेले दिसले, की फाटले कुठे ते समजते.

मूत्राशयासाठी मात्र थोडके औषध चालत नाही. तीनशे मिलिलिटर तरी भरावे लागते, नाहीतर लहान चीर लपून राहते. साध्या क्ष-किरणांत पिशवी रिकामी केल्यावर दुसरे चित्रही घेतात, कारण मागची गळती भरलेल्या पिशवीआड झाकली जाते. आता सीटी स्कॅननेही हे पाहतात. औषध भरण्याची युक्ती तीच. औषध पोटाच्या पोकळीत उतरले असेल तर शस्त्रक्रिया करावीच लागते. गळती खालच्या बाजूला, पोकळीबाहेर असेल, तर पुष्कळदा काही दिवस नळी ठेवूनच चीर भरून येते.

गुरुजी, आपल्या गावात कुणी झाडावरून पडला किंवा गाडीखाली आला, लघवीच्या तोंडाशी रक्त दिसले, कळ येऊनही लघवी होईना, तर त्याला उठवून बसवू नका, जोर करायला सांगू नका. फळीवर आडवे ठेवून क्ष-किरणांची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. आणि नळी घालण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा, ‘रक्त दिसले होते.’