नानी ट्रॅपची कुळकथा

चिखली-तळवड्यातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ‘नानी ट्रॅप द्या’ म्हणा. प्लास्टिकचं वाटीसारखं एक भांडं पुढ्यात येतं. उत्तरेकडून आलेले प्लंबर त्याला नानीच म्हणतात. मूळ शब्द आपला आहे, न्हाणी. संस्कृत स्नान, प्राकृतात ण्हाण, त्यावरून न्हाणं, आणि न्हायची जागा ती न्हाणी. इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही तो ‘नहाणी ट्रॅप’ म्हणून छापला जातो. फरशीखाली गाडलेला हा मराठी शब्द कानावर आला की मला मनापासून आनंद होतो.

चिंचवड, भोसरी, चाकणच्या जुन्या घरांत न्हाणी म्हणजे परसाच्या भिंतीलगतची दगडी चौकट, शेजारी तांब्याचा बंब. अंगावरून ओघळलेलं पाणी मोरीतून थेट अळवाच्या नि केळीच्या बुडाशी जायचं. संडास घरापासून लांब. मोरी दोन्ही तोंडांनी उघडी, त्यामुळे हवेचा वेगळा विचार कुणाला करावा लागला नाही. पुढची सगळी अडचण इथूनच सुरू होते, असं मला वाटतं.

संडास घरात आला की वास अडवणं भाग पडतं. त्याची युक्ती लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली पेटंट केली. नळीला बाक द्यायचा. बाकात पाणी साठून राहतं आणि ते पाणीच दार होतं. पण हे दार हवेच्या ओढीने उघडतं. वरून फ्लशचं पाणी पाईप भरून कोसळलं की मागे हवा विरळ होते आणि ती भरून काढायला पाईप जवळच्या बाकातलं पाणी ओढून घेतो. आपल्याकडे ट्रॅपमध्ये निदान ५० मिलिमीटर पाणी असावं असा नियम आहे. वातावरणाच्या दाबाच्या हिशेबात ते अर्धा टक्कासुद्धा नाही. १८७१ साली इंग्लंडच्या युवराजाला विषमज्वर झाला तेव्हा गटारातल्या हवेच्या धास्तीने सगळा देश घरातले पाईप तपासू लागला. ट्रॅपच्या पाठीमागून हवेची नळी काढून ती छपरावर नेण्याची रीत त्याच काळात रुजली. तोच आपला व्हेंट पाईप.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी आली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण झालं. गावांचं शहर होत गेलं तशी परसातली न्हाणी फ्लॅटमध्ये शिरली, संडास तिच्या शेजारी आला. जुन्या इमारतींत संडासाचा पाईप वेगळा आणि न्हाणीचा वेगळा असे, न्हाणीचा खाली इमारतीबाहेरच्या गल्ली ट्रॅपवर सुटे. पुढे दोन्ही एकाच पाईपात आले, आणि त्या एका पाईपाचा श्वास फार महत्त्वाचा झाला.

आमच्या निगडीच्या घरात बाथरूम नवं केलं तेव्हा कोपऱ्यात एक बेसिन आणि शॉवरखाली दुसरी न्हाणी वाढवली. टाइल्स निवडायला तीन रविवार गेले. व्हेंटबद्दल प्लंबरने विचारलं नाही, मीही नाही. मग वरच्या मजल्यावर फ्लश ओढला की आमची न्हाणी गुळण्या करायची आणि संध्याकाळी तिच्यातून कुबट वास यायचा. फरशीवर फिनेल ओतून महिना काढला. अखेर टॉर्च लावून पाहिलं तर वाटीत बोटभरही पाणी नव्हतं.

चाकण, महाळुंगेकडे कामगारांसाठी एकावर एक खोल्या चढतात, प्रत्येक खोलीला मोरी नि संडास त्याच पाईपात जोडतात. तिथेही हाच वास असतो. भाडेकरू तो मुकाट सोसतात आणि घरमालक फिनेलच आणतो. याची मला फार चीड येते, कारण उपाय मोठा नाही. नव्या ट्रॅपच्या थोडं पुढून दोन इंची पाईप वर काढायचा, बेसिनच्या काठापेक्षा उंचावर मुख्य व्हेंटला जोडायचा, आणि तो गच्चीवर उघडा ठेवून वर काउल, म्हणजे जाळीची टोपी, बसवायचा. फरशी घालण्याआधी हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आम्हाला दोन टाइल्स फोडाव्या लागल्या. पाईप जोडून झाल्यावर गच्चीत जाऊन मी काउलवर तळहात धरला आणि खाली फ्लश ओढायला सांगितलं. तळहात आत ओढल्यासारखा वाटला. खालून हाक आली, ‘न्हाणी गप्प आहे!’