रिकिबीतला पाय : काळ थांबवणाऱ्यांच्या गोष्टी आणि खेळ

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काही जणांनी मला विचारलं, सर, तत्त्वज्ञान सोडून तुम्ही साहसकथा आणि मोबाइलच्या खेळांकडे कधीपासून वळलात? वळलो वगैरे नाही. नायकाने बोट वर करायचं, सगळं जग जागच्या जागी थिजायचं आणि त्याने मात्र आरामात आपलं काम उरकून घ्यायचं, ही कल्पना मुलांना आज खेळांतून भेटते. आपल्या बीड जिल्ह्याला ती जुनीच ओळखीची आहे. फक्त आपण तिला त्या नावाने ओळखत नाही.

अंबाजोगाईच्या मुकुंदराजांची आख्यायिका तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. जैत्रपाळ राजाची अट अशी की, रिकिबीत पाय ठेवून मी घोड्यावर मांड टाकेपर्यंत मला ब्रह्म दाखवा. ज्यांना जमलं नाही त्या साधूंना त्याने वेठीला धरलं. एका पाठात तो त्यांना तळं खोदायला लावतो. मग मुकुंदराज येतात, राजाला घोड्यापाशी नेतात आणि पाय रिकिबीत असतानाच त्याची समाधी लागते. एका क्षणाचा दरवाजा उघडतो आणि आत अनंत काळ. जनक आणि अष्टावक्र यांच्याबद्दलही अशीच गोष्ट सांगतात, म्हणजे हा साचा फिरता आहे.

इथे थोडं थांबू. 'रिकीब' हा शब्द मूळ अरबी 'रिकाब', फारसीतून मराठीत आलेला. 'विवेकसिंधू' परंपरेने शके १११०चा, म्हणजे इ.स. ११८८चा. त्या काळच्या मराठीत हा शब्द असण्याची शक्यता फार थोडी. घोडेस्वाराच्या पायाला आधार देणारी दोरी सांचीच्या शिल्पांत दिसते, तेव्हा वस्तू जुनी असू शकते. पण आज आपण गोष्ट ज्या शब्दांत सांगतो ते शब्द नंतरच्या शतकांचे आहेत. हा जैत्रपाळ नेमका कोण, मुकुंदराज अंबाजोगाईचे की वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे, हे वाद अभ्यासकांनी भरपूर घातलेत. आज मला त्यांत शिरायचं नाही. मला रस आहे तो घोड्यात.

कारण योगवासिष्ठात असाच एक घोडा आहे. लवण राजाच्या दरबारात एक गारुडी येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो, एक घोडा समोर येतो आणि राजा त्याच्याकडे बघत निश्चल होतो. दरबाऱ्यांच्या हिशेबाने थोडाच वेळ गेलेला असतो. राजाने तेवढ्यात रान पाहिलं, भुकेपोटी एका चांडाळकन्येशी लग्न केलं, संसार केला, पोरंबाळं झाली, दुष्काळ सोसला. शुद्धीवर आल्यावर तो त्या प्रदेशाचा शोध घेतो आणि ती माणसं, तो दुष्काळ त्याला खरोखर सापडतात! आजच्या कुठल्याही साहसपटाला लाजवील अशी रचना आहे.

आता फरक बघा. लवण थांबला आणि जग चालत राहिलं. जैत्रपाळही तसाच. खेळांतला नायक याच्या उलट असतो: जग थांबतं आणि तो चालतो. पहिल्या प्रकारात थांबणारा स्वतः असुरक्षित होतो, कुणीही येऊन त्याला ढकलून द्यावं. दुसऱ्या प्रकारात बाकी सगळे असुरक्षित होतात. एच. जी. वेल्सने १९०१ मध्ये 'द न्यू ॲक्सिलरेटर' नावाची कथा लिहिली. औषधाचा घोट घेतला की माणूस हजारपट वेगाने जगू लागतो आणि बागेतली माणसं, वाजणारा बँड, सगळं पुतळ्यासारखं होतं. मग ही दोन प्रौढ, सभ्य माणसं करतात काय? त्यांतला एक जण नावडत्या शेजारणीचं कुत्रं उचलून पळतो! वेल्सने माणूस बरोबर ओळखला होता. न थांबलेला एकटा माणूस थांबलेल्या माणसांमध्ये चोरी तरी करतो, नाहीतर खोडी तरी.

वेल्स हुशार असल्यामुळे त्याने काळ थांबवलाच नाही, माणसाचा वेग वाढवला. जोरात चालल्यामुळे हवेच्या घर्षणाने कपडे करपू लागतात, हेही त्याने लिहिलं. काळ खरोखर थांबला तर प्रकाश डोळ्यांपर्यंत येणार नाही, हवा छातीत जाणार नाही. नायक आंधळा आणि गुदमरलेला. ॲरिस्टॉटलच्या मते बदल नसेल तर काळही नाही. १९६९ मध्ये सिडनी शूमेकर या अमेरिकन तत्त्वज्ञाने याला एक सुंदर आव्हान दिलं. समजा, एका विश्वाचे तीन भाग आहेत. एक दर तिसऱ्या वर्षी वर्षभर गोठतो, दुसरा दर चौथ्या, तिसरा दर पाचव्या. गोठलेल्या भागातल्या लोकांना काहीच कळत नाही, शेजारी त्यांना नंतर सांगतात. मग दर साठाव्या वर्षी तिन्ही भाग एकदम गोठत असणार, आणि सांगायला शेजारी कुणीच नाही. तरी ते वर्ष गेलं, असं मानायला कारण आहे. मला या युक्तिवादात आवडतो तो शेजारी. आपला काळ थांबला होता हे आपल्याला दुसऱ्याकडूनच कळतं.

आपल्याकडे या शक्तीचा सगळ्यात मोठा धनी चांगदेव. काळ न्यायला आला की प्राण ब्रह्मरंध्रात नेऊन बसायचं आणि वेळ टळली की परत खाली उतरायचं. असं करत चौदाशे वर्षं काढली, असं आख्यायिका सांगते. नाथपंथात याला काळवंचना म्हणतात, काळाला फसवणं. आपल्या आष्टी तालुक्यात सावरगावला मायंब्यावर मच्छिंद्रनाथांची समाधी आहे, तेव्हा ही परंपराही घरचीच. पण मराठी परंपरेने चांगदेवाला काय मान दिला? त्याने ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं आणि लहानग्या मुक्ताबाईने शेरा मारला की चौदाशे वर्षं होऊनही हा कोराच राहिला. मला हा आपल्या वाङ्मयातला काळावरचा सगळ्यात नेमका अभिप्राय वाटतो. थांबवलेल्या काळात काही घडत नाही, म्हणून काही शिकलंही जात नाही. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्या लिहिल्या. त्या वाचायला मात्र वेळ लागतो.

जग थांबवण्याचीही गोष्ट आहे, मार्कंडेय पुराणात. कौशिक नावाचा कुष्ठरोगी ब्राह्मण, प्रतिष्ठान नगरातला. हे प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण की प्रयागजवळचं, हा वेगळा वाद. सूर्योदयाला तू मरशील असा त्याला शाप मिळतो आणि त्याची बायको म्हणते, मग सूर्य उगवणारच नाही. उगवत नाही. एका नवऱ्यासाठी सगळ्या जगाची रात्र! यज्ञ थांबतात, देव घाबरतात, शेवटी अनसूयेला मध्यस्थी करावी लागते. पुराणकार त्या बाईला खलनायिका करत नाही, पण तिच्या शब्दाची किंमत बाकीच्यांनी मोजली हे लपवतही नाही.

आता खेळांकडे येऊ. मुलांना हे सगळं पुराण न वाचता कळलेलं असतं. 'विषामृत' खेळलेले हात वर करा... बरेच आहात. राज्य असलेल्याने शिवलं की तुम्ही विष, जागीच गोठायचं. स्वतःला सोडवता येत नाही, गड्याने येऊन अमृत द्यावं लागतं. म्हणजे शूमेकरचा शेजारी! आणि 'टाइम प्लीज'. चप्पल तुटली, गुडघा फुटला की हात वर करून 'टॅम्प्लीज' ओरडायचं. पण पकडला जाताना ओरडलास तर चालत नाही, याबद्दल जी भांडणं होतात ती मी विद्यापीठांच्या सभांतही पाहिली नाहीत. हुतूतूमध्ये तर वेळ मोजायला श्वासच ठेवला होता. दम आहे तोवर काळ तुझा. आता चढाईला तीस सेकंदांचं घड्याळ आलं आहे. ते न्याय्य आहे, पण त्यातली योगशास्त्राची गंमत गेली.

संगणकाचे खेळ रचणारेही याच निष्कर्षाला आले. २००१च्या 'मॅक्स पेन'मध्ये गोळ्या डोळ्यांना दिसतील इतका काळ मंदावतो, पण ती शक्ती वापरता वापरता संपते. २००३च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'मध्ये खंजिरात वाळू असते. वाळू संपली की काळावरचा हुकूम संपला. २०१६च्या 'सुपरहॉट'मध्ये तुम्ही हललात तरच काळ हलतो, म्हणजे प्रत्येक पाऊल म्हणजे खर्च. अमर्याद शक्ती दिली तर खेळणारा दहा मिनिटांत कंटाळतो, हे व्यवहार म्हणूनच त्यांना कळलं असणार.

साहसाला मुदत लागते. याच अंबाजोगाईचे दासोपंत लहानपणी बीदरला ओलीस होते. वडिलांनी दुष्काळात सरकारी धान्य वाटलं, त्याची भरपाई महिन्याभरात आली नाही तर मुलाचं धर्मांतर. कथा सांगते की शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार पैसे घेऊन हजर झाला. प्रत्यक्ष दत्तगुरू आले, पण त्यांनीही महिना एका दिवसाने लांबवला नाही. जयद्रथवधातही कृष्णाने सूर्य झाकला, थांबवला नाही. काळ थांबवला असता तर गोष्टच उरली नसती.

आणि मुकुंदराज? ज्यांच्या नावावर ही क्षणात ब्रह्म दाखवण्याची कथा आहे, त्यांचा ग्रंथ १८ प्रकरणांचा आहे. गुरुशिष्यसंवाद, एकेक देह, एकेक तत्त्व, सावकाश सोडवत नेलेलं. जैत्रपाळाला लागणारी घाई त्या ग्रंथात कुठेही नाही. आख्यायिकेने लेखकाला त्याच्या पुस्तकाच्या नेमकं उलट करून टाकलं आहे. आणि ते तळं खोदणारे साधू? राजाच्या एका क्षणासाठी त्यांचे दिवस गेले. समाधी उतरल्यावर राजाने त्यांना सोडलं असं सांगतात, पण कीर्तनकार तिथे फार रेंगाळत नाहीत.

दोन प्रश्न आले आहेत. पहिला, ऑनलाइन खेळ मध्येच का थांबवता येत नाही, आई जेवायला हाक मारते. कारण पलीकडे दुसरी माणसं खेळत असतात. तुझ्यासाठी त्यांची रात्र का लांबवायची? आईला हे सांगून बघ, पण जेवण गार होईल ते तुझ्या हिशेबात.

दुसरा एका शिक्षिकेचा आहे: ऊसतोडीला गेलेल्या मुलांचा काळ थांबतो की चालतो? बाई, दिवाळीच्या सुमारास कोयत्याबरोबर गेलेलं मूल मार्चएप्रिलमध्ये परत येतं. हजेरीपटावर त्याचं नाव गोठलेलं असतं, पण त्याचा काळ चाललेला असतो: फडात, पाचटात, धाकट्या भावंडाला सांभाळण्यात. म्हणजे ते लवण राजासारखं आहे. दरबाराला वाटतं काहीच झालं नाही आणि तो एक आयुष्य काढून आलेला असतो. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुलं मागे राहू शकतात. जी राहत नाहीत, त्यांना परत आल्यावर ऑक्टोबरच्या पानावर बसवायचं की एप्रिलच्या, हे तुम्हीच ठरवता. माझं म्हणणं एवढंच, पान उघडण्याआधी त्याला विचारा, तू तिकडे काय काय केलंस. आणि बाकीच्या वर्गाला ते ऐकू द्या.