सुभाष गुप्ते : एका भ्रमंतीशील व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द (१९४८–१९६४)

प्रस्तावना

क्रीडेच्या इतिहासात नामवंत कर्णधार आणि विक्रमवीर यांच्याकडे जितके लक्ष दिले जाते, तितके उपजीविकेसाठी देशोदेशी खेळणाऱ्या खेळाडूकडे दिले जात नाही. युरोपातील फुटबॉलमध्ये असा खेळाडू हा एक परिचित वर्ग आहे. एका देशातील क्लबशी करार करावा, तो संपताच दुसऱ्या देशाची वाट धरावी आणि जेथे मागणी असेल तेथे आपले कसब द्यावे, असे त्याच्या जीवनाचे स्वरूप असते. महाराष्ट्रात फुटबॉलने असा वर्ग फारसा घडविला नाही. तो घडविला क्रिकेटने. मुंबईचे लेगस्पिन गोलंदाज सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते (१९२९–२००२) हे त्याचे एक ठळक उदाहरण होय. मुंबई, बंगाल, राजस्थान, इंग्लंडमधील लँकेशायर आणि वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद असा त्यांचा प्रवास झाला. या प्रवासाच्या आधारे स्वातंत्र्योत्तर काळातील भारतीय खेळाडूचे आर्थिक स्थान आणि क्रिकेट मंडळाशी असलेले त्याचे संबंध यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पगारी खेळाडूची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात गोलंदाजी हे श्रमाचे काम आहे, ही जाणीव जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील युरोपियनांच्या क्लबमध्ये पळवणकर बाळू यांनी मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीबरोबरच गोऱ्या सभासदांना सरावासाठी गोलंदाजी केली. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. फलंदाजी ही प्रतिष्ठेची आणि गोलंदाजी ही चाकरीची, असा भेद त्या काळात स्पष्टपणे जाणवत होता. स्वातंत्र्यानंतर संस्थानिकांचा आश्रय ओसरला. कसोटीपटूस मिळणारा भत्ता अल्प होता आणि त्यावर संसार चालणे शक्य नव्हते. त्यामुळे खेळाडूस एखाद्या कंपनीतील वा रेल्वेतील नोकरी पत्करावी लागे, अथवा परदेशी करार शोधावा लागे.

हा परदेशी करार बहुधा लँकेशायर लीगमधील असे. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या या लीगमध्ये कापड गिरण्यांच्या लहान गावांचे संघ शनिवारी खेळत. संघातील इतर खेळाडू गिरणीतील वा दुकानातील नोकरदार असत; व्यावसायिक मात्र प्रत्येक संघास एकच ठेवता येई. त्याने धावाही काढाव्यात, बळीही घ्यावेत आणि आठवडाभर गावातील मुलांना शिकवावे, अशी अपेक्षा असे. त्याने अर्धशतक काढले किंवा भरपूर बळी घेतले, तर प्रेक्षकांमध्ये टोपी फिरवून त्याच्यासाठी वर्गणी गोळा केली जाई. त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाईन यांनी १९२९ ते १९३७ या काळात नेल्सन संघास नऊपैकी सात वेळा विजेतेपद मिळवून देऊन परदेशी व्यावसायिकाची थोरवी सिद्ध केली होती. पुढे विजय हजारे रॉटेनस्टॉलकडून, दत्तू फडकर नेल्सनकडून आणि विनू मंकड हॅसलिंग्डनकडून खेळले. ज्या गिरण्यांच्या स्पर्धेत मुंबईचा कापड उद्योग वाढला, त्याच गिरण्यांच्या गावांनी मुंबईच्या खेळाडूंना रोजगार दिला, हा इतिहासातील एक लक्षणीय योग होय.

लीगचा करार आणि देशाचा संघ यांतील संघर्ष १९५२ मध्ये उघड झाला. इंग्लंड दौऱ्यासाठी निवडीची हमी मिळाल्यास हॅसलिंग्डनचा करार नाकारण्याची मंकड यांची तयारी होती. ती हमी मिळाली नाही आणि त्यांनी करार स्वीकारला. लीड्स येथील पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे पहिले चार गडी शून्य धावांवर बाद झाले. त्यानंतर मंडळाने हॅसलिंग्डनकडे मंकड यांची मागणी केली. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या व इंग्लंडच्या पहिल्या डावात पाच बळी घेतले. खेळाडूस निश्चिती द्यावयाची नाही, परंतु गरज पडताच त्यास बोलवावयाचे, ही मंडळाची वृत्ती या प्रसंगातून दिसून येते. गुप्ते यांच्या कारकिर्दीच्या शेवटाचे आकलन होण्यासाठी ही पार्श्वभूमी आवश्यक आहे.

कसोटी कारकीर्द

गुप्ते यांनी १९४८-४९ च्या सुमारास मुंबईकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये प्रवेश केला. १९५१-५२ मध्ये कोलकाता येथे इंग्लंडविरुद्ध खेळलेल्या पहिल्या कसोटीत त्यांना एकही बळी मिळाला नाही आणि १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली नाही. त्यांची खरी ओळख १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात झाली. पोर्ट ऑफ स्पेन येथील पहिल्या कसोटीत त्यांनी १६२ धावांत ७ बळी घेतले आणि मालिकेत एकूण २७. समोर वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तिन्ही विख्यात फलंदाज होते. वीक्स बेकपकडून, वॉलकॉट एनफिल्डकडून आणि वॉरेल रॅडक्लिफकडून, असे हे तिघेही लँकेशायरच्या गावांमध्ये व्यावसायिक म्हणून खेळत होते. आंतरराष्ट्रीय मैदानावरील प्रतिस्पर्धी उपजीविकेच्या क्षेत्रात एकाच पेशाचे सहकारी होते.

चेंडूला दिलेली उंची, टप्प्यावरील हुकमत आणि दोन निरनिराळ्या प्रकारच्या गुगली ही गुप्ते यांच्या गोलंदाजीची वैशिष्ट्ये होती. १९५४-५५ च्या मोसमात मुंबईत पाकिस्तानातून आलेल्या संघाविरुद्ध ७८ धावांत संपूर्ण दहा बळी घेऊन ते प्रथम श्रेणीत असा पराक्रम करणारे पहिले भारतीय ठरले. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या पाच कसोटींत त्यांनी ३४ बळी घेतले आणि भारताने ती मालिका २-० अशी जिंकली.

डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरच्या ग्रीन पार्कवर वेस्ट इंडीजचा पहिला डाव २२२ धावांत आटोपला, तेव्हा गुप्ते यांच्या नावावर १०२ धावांत ९ बळी होते. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय होत. लान्स गिब्ज यांचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून सुटला. पुढे गिब्ज यांना पदार्पण करणाऱ्या वसंत रांजणे यांनी त्रिफळाचीत केले आणि दहावा बळी हुकला. भारताने हा सामना २०३ धावांनी गमावला. गोलंदाजाने प्रतिपक्षास रोखावे आणि फलंदाजीने सामना हातचा घालवावा, हा अनुभव त्या दशकातील भारतीय संघास नवा नव्हता.

१९५० च्या दशकाच्या मध्यात गुप्ते लँकेशायर लीगमधील रिश्टनचे व्यावसायिक होते. हिवाळ्यात भारतात आणि उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये, असे त्यांचे वर्ष गोलंदाजीतच सरे. देशांतर्गत क्रिकेटमध्येही मुंबईनंतर ते बंगालकडून आणि पुढे राजस्थानकडून खेळले. ही भ्रमंती चंचलतेची निदर्शक नव्हती. एका ठिकाणी स्थिर वेतन नसलेल्या कारागिराने काम असेल तेथे जावे, तसाच हा व्यवहार होता.

१९६१ चा प्रसंग आणि कारकिर्दीचा अंत

डिसेंबर १९६१ मध्ये कानपूर कसोटीत गुप्ते यांनी इंग्लंडविरुद्ध ९० धावांत ५ बळी घेतले आणि भारताविरुद्ध इंग्लंडवर प्रथमच फॉलोऑनची वेळ आली. त्यानंतरची दिल्ली कसोटी त्यांची शेवटची ठरली. दिल्लीतील हॉटेलात ए. जी. कृपालसिंग हे त्यांचे खोलीतील सोबती होते. कृपालसिंग यांनी खोलीतील दूरध्वनीवरून स्वागतकक्षातील महिला कर्मचाऱ्यास काम संपल्यावर पेयपानास येण्याविषयी विचारले आणि त्या कर्मचाऱ्याने तक्रार केली. मंडळाने दोघांनाही संघाबाहेर ठेवले. सहकाऱ्यास गुप्ते यांनी रोखावयास हवे होते, अशी मंडळाची भूमिका होती. दुसऱ्याच्या वर्तनास आपण कसे जबाबदार, असा गुप्ते यांचा प्रश्न होता. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली नाही.

तक्रारीची दखल घेणे उचितच होते. प्रश्न निर्माण होतो तो शिक्षेच्या प्रमाणाचा. कृपालसिंग १९६४ मध्ये पुन्हा कसोटी खेळले. गुप्ते मात्र वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कायमचे बाहेर गेले. लेगस्पिन गोलंदाजाच्या दृष्टीने हे वय परिपक्वतेचे असते. वेस्ट इंडीजमधील ती मालिका भारताने ०-५ अशी गमावली. गुप्ते असते तर निकाल बदलला असता, असे म्हणता येणार नाही. परंतु त्या खेळपट्ट्यांवर पूर्वी २७ बळी घेणारा गोलंदाज घरी बसविला गेला, ही वस्तुस्थिती उरते. लीगमधील करारात खेळाडूची कर्तव्ये आणि मोबदला निश्चित असे. देशाच्या संघात मात्र त्यास ना करार होता, ना दाद मागण्याची जागा.

यानंतर गुप्ते त्रिनिदादला स्थायिक झाले. १९५३ च्या दौऱ्यात ज्यांच्याशी परिचय झाला, त्या त्यांच्या पत्नी तेथीलच होत्या. त्रिनिदादकडूनही ते प्रथम श्रेणी सामना खेळले आणि पुढे साखर उद्योगात त्यांनी नोकरी केली. १८४५ पासून करारबद्ध भारतीय मजूर ज्या बेटावरील उसाच्या मळ्यांत नेले गेले, त्याच बेटावर साखरेच्या व्यवसायाने मुंबईच्या या गोलंदाजास आधार दिला. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांचे निधन झाले.

समारोप

३६ कसोटींत २९.५५ च्या सरासरीने १४९ बळी आणि प्रथम श्रेणीत ५३० बळी, ही गुप्ते यांची नोंद आहे. गारफिल्ड सोबर्स यांनी आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हणून त्यांचा वारंवार उल्लेख केला. तथापि, त्यांच्या कारकिर्दीचे महत्त्व केवळ आकड्यांत नाही. हौशीपणाचा आदर्श सांगणाऱ्या व्यवस्थेत पोटासाठी खेळणाऱ्या माणसाचे स्थान किती असुरक्षित होते, याची ती साक्ष आहे. ज्या गिरणीच्या गावाने त्यांना मोसमापुरते वेतन दिले, त्याने आपला शब्द पाळला. ज्या संघासाठी त्यांनी दहा वर्षे गोलंदाजी केली, त्याने त्यांना पुन्हा बोलाविले नाही. भारतीय खेळाडूच्या हक्कांचा इतिहास लिहिताना या प्रकरणास वगळून पुढे जाता येणार नाही.