वही कुणाच्या घरात?

मंडळी, आपल्या पाटोद्यात ढग म्हटलं की माणूस आधी आभाळाकडं बघतो. पण सध्या सोसायटीच्या ओट्यावर वेगळ्याच ढगाची चर्चा ऐकू येते. सेवा सोसायट्यांचा हिशेब ‘क्लाऊड’वर चाललाय. म्हणजे रोजकीर्द, खतावणी, कुणाचं किती कर्ज, किती व्याज, हे सगळं गावातल्या कपाटातून किंवा टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून निघून दूरच्या डेटा सेंटरमधल्या मशीनवर राहणार. इंटरनेटवरून ते इथं बघायचं.

त्यावर लोकांचा साधा प्रश्न असतो: “मग आमचं खातं आता कुणाच्या हातात?” अडाणीपणाचा म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तो दीडशे वर्षं जुना आहे.

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. दंगा पुढं नगर जिल्ह्यातही पसरला. माणसांना मारण्यापेक्षा लोकांचा सगळा रोख कागदांवर होता. कर्जरोखे, खतं, वह्या हिसकावून त्यांची होळी केली. कारण सरळ होतं. घेतले किती, फेडले किती, उरले किती, हे सगळं एकाच वहीत. वही मोडीत लिहिलेली आणि ती सावकाराच्या घरात. कुणब्यानं फक्त अंगठा द्यायचा.

सरकारनं कमिशन नेमलं आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यातलं एक कलमबंद शहाणपण आजही कामाचं आहे. पैसे भरले की शेतकऱ्याला पावती मिळाली पाहिजे. हिशेबाचा वर्षाचा उतारा आणि पासबुक मागायचा त्याला हक्क. म्हणजे वही सावकाराकडं असली तरी तिची नक्कल कुणब्याकडं हवी. कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. म्हणून तो शेजारच्या जामखेडला लागू झाला, पाटोद्याला नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो.

पुढं 1904 च्या कायद्यानं ब्रिटिश मुलखात सहकारी पतसंस्था सुरू झाल्या. आपण 1948 ला निजामाच्या राजवटीतून सुटलो, 1960 ला महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षीचा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आला. वही सावकाराच्या घरातून सोसायटीच्या कपाटात आली. पण कपाटाची चावी? ती गटसचिवाकडं. कायद्याच्या कलम 32 प्रमाणं सभासदाला स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी सोसायटीत फुकट बघता येतात, लेखी मागणी करून फी भरली की नक्कलही मिळते. आता खरं सांगा, आपल्यातल्या किती जणांनी हा हक्क वापरला? मार्चला ‘नवं-जुनं’ करताना सही करायची आणि घरी यायचं, एवढंच आपल्याला माहीत.

त्याचा फटका 2017 च्या कर्जमाफीत बसला. गावोगावच्या खात्यांची माहिती घाईघाईनं ऑनलाइन भरावी लागली. कुठं नाव जुळेना, कुठं आकडा जुळेना. याद्या रखडल्या, शेतकरी हेलपाटे मारत राहिले.

29 जून 2022 ला केंद्रानं देशातल्या 63 हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च 2,516 कोटी. सगळ्यांना क्लाऊडवरचं एकच सॉफ्टवेअर, काम नाबार्डकडं. महाराष्ट्रातल्या सोसायट्याही त्यात आहेत. फायदे खरे आहेत. दप्तर उंदरानं खाल्लं, पाण्यात भिजलं, कॉम्प्युटर जळाला, या सबबी संपतात. जुनी नोंद मागच्या तारखेनं गुपचूप फिरवणंही अवघड होतं.

पण धोकाही खरा आहे. 31 जुलै 2024 ला सी-एज टेक्नॉलॉजीज या एका कंपनीच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे 300 छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँकाच जास्त. सगळ्यांच्या वह्या एका घरात ठेवल्या की त्या घराची कडी निघाल्यावर सगळ्यांचंच अडतं.

त्याहून मोठा धोका आपल्या गावातच आहे. जुन्या वहीतली बाकी नव्या यंत्रणेत चढवताना चूक झाली, तर ती चूकच उद्याचं ‘रेकॉर्ड’ होईल. मग “कॉम्प्युटरमध्ये असंच आहे” हे वाक्य सावकाराच्या “वहीत असंच आहे” सारखंच ऐकू येईल.

म्हणून सांगतो, बाकी चढण्याआधी आणि चढल्यावर, दोन्ही वेळा उतारा मागा. पावत्या जुळवा. फरक दिसला तर तोंडी नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आपली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांच्यासाठी चेअरमन-सचिवांनी कोयते निघायच्या आत उतारे वाटावेत. आता प्रिंट काढायला काही वेळ लागत नाही.

आणि हो, ऊसतोडीचा विषय निघालाच आहे तर एक वही अजून उरलीय. मुकादमाकडची उचलीची. सोसायटीचा हिशेब क्लाऊडवर गेला तरी ती मुकादमाच्याच घरात आहे. तिची नक्कल मजुराच्या हातात कधी येणार?